निकालाचा दिवस आणि संकेतस्थळाचे ओझे

मध्य प्रदेशचे माध्यमिक शिक्षण मंडळ भोपाळ येथे आहे. त्याची स्थापना १९६५ साली झाली. दहावी-बारावीच्या निकालाची वेळ आली की त्या राज्यातील लक्षावधी मुले एकाच घटकेस आपापला अनुक्रमांक घेऊन संकेतस्थळाच्या दारी उभी राहतात. आपल्या महाराष्ट्रातही तेच घडते. पूर्वी शाळेच्या फळ्यापाशी गर्दी होई. आता ती सर्व्हरपाशी होते. हातात मोबाइल, शेजारी आई, आणि पडद्यावर फिरत राहणारे ते चक्र! ते लवकर का थांबत नाही, याचा विचार आज करू.

हा विषय केवळ इंजिनियरांचा आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. गावोगावच्या शाळा, पतपेढ्या व फुलभाजीचे व्यापारी यांची आज संकेतस्थळे आहेत, आणि ती सांभाळणारी बहुधा आपलीच मुलेमुली असतात.

संकेतस्थळ हवेत तरंगत नाही. ते कोठेतरी एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, भाड्याने राहत असते. चाळीत एका नळावर अनेक बिऱ्हाडे पाणी भरतात. तद्वतच स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात. प्रत्येकाच्या वाट्याला ठराविक स्मृती व ठराविक शक्ती येते. या बिऱ्हाडाच्या किल्ल्यांची जुडी म्हणजे कंट्रोल पॅनेल. १९९६ साली निघालेले सीपॅनेल हे त्यांपैकी फार प्रचारातले.

वेग हवा असल्यास प्रथम या पॅनेलमध्ये आपला वापर पाहावा. स्मृतीची किंवा प्रक्रियांची मर्यादा वारंवार गाठली जात असेल, तर दुखणे कोठे आहे ते कळते. मग पीएचपीची आवृत्ती पाहावी. पुष्कळशी संकेतस्थळे याच भाषेवर चालतात. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या सातव्या आवृत्तीने जुन्या पाचवीच्या मानाने कामाचा वेग जवळजवळ दुप्पट केला, आणि त्यानंतर आठवीही आली. तरीही कित्येक जण जुन्या आवृत्तीवरच बसून आहेत! ती बदलण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत काढून ठेवावी, हे सांगणे नलगे.

तिसरा उपाय कॅशचा. दर पाहुण्यासाठी नव्याने चूल पेटवण्यापेक्षा तयार पान पुढे करणे म्हणजे कॅश. सूचना, वेळापत्रके, दरपत्रके यांना तो उत्तम. परंतु ज्या पानावर एखाद्याचे गुण किंवा पतपेढीतील शिल्लक दिसते, ते पान सामाईक कॅशमध्ये कदापि ठेवू नये. नाहीतर एकाचा हिशेब दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे जाईल.

चौथा उपाय आकुंचनाचा. पॅनेलमधून जीझिप चालू केल्यास अक्षरांचा मजकूर बहुधा तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान होऊन प्रवास करतो. छायाचित्रांना मात्र त्याचा उपयोग नाही. ती चढवण्यापूर्वीच लहान करावी लागतात. स्नेहसंमेलनाची वीस छायाचित्रे मोबाइलमधून निघाली तशीच पानावर टाकली, की ते पान शंभर एमबीच्या घरात जाऊ शकते.

शेवटी अंतराचा विचार. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भोपाळहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास सेकंदाचा शंभरावा भागही पुरे. पण सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर आठव्या भागाहून कमी वेळ लागणे शक्य नाही. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. म्हणून वाचक जेथे, त्याच्या जवळपास सर्व्हर असावा.

२०१८ साली तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी पाच लाख आभासी सर्व्हरांच्या क्षमतेचे केंद्र भोपाळात उभारण्याची घोषणा केली होती. मोठी यंत्रे हवीतच. लाखोंची गर्दी लहान सर्व्हरला पेलणार नाही, हेही खरे. परंतु आमचे मत असे की, यंत्र मोठे करण्यापूर्वी ओझे हलके करावे. जड पान मोठ्या सर्व्हरवर ठेवले तरी ते पाड्यावरच्या क्षीण नेटवर्कमधूनच उतरायचे असते. शहरात नव्या मोबाइलवर ते क्षणात उघडते, म्हणून बनवणाऱ्यास त्याचे वजन जाणवत नाही. ते जाणवते जुना मोबाइल व मोजका डेटा असणाऱ्या माणसाला. त्याचा वेळ जातो, पैसा जातो, आणि अखेर अर्जाची मुदतही टळते.

पालकांनाही एक विनंती. चक्र फिरत असता पुन्हा पुन्हा बटन दाबू नये. प्रत्येक दाबणे ही सर्व्हरकडे नवी मागणी असते, आणि त्यामुळे सर्वांचीच रांग लांबते. गुणपत्रिका डिजिलॉकरवरही मिळते. एक दार गजबजले, तर दुसरे पाहावे.

ज्या घरातील मुलगा वा मुलगी गावचे संकेतस्थळ सांभाळते, त्या घराने या रविवारी एवढेच करावे: घरातला सर्वांत जुना मोबाइल घेऊन, गावाच्या ज्या टोकाला नेटवर्क क्षीण असते तेथे उभे राहून, ते पान उघडून पाहावे. कोठे हात घालायचा, हे तेथेच समजेल.