खिडकीजवळचे टेबल

मराठी ललित गद्यात हॉटेलला जे स्थान मिळाले, ते मुख्यतः स्मरणरंजनाचे आहे. इराण्याचा चहा, संगमरवरी टेबल, गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणारा मालक आणि न सांगता नेहमीची ऑर्डर आणणारा पोऱ्या वाचकाला आता पाठ झाले आहेत. या लेखनाचा एक पोटप्रकार म्हणजे आवडत्या उंची हॉटेलात वर्षांनंतर परतलेल्या गिऱ्हाइकाचा विलाप. पूर्वी खिडकीजवळचे टेबल मिळे, या खेपेस दाराशी बसवले. शेजारच्या टेबलापाशी वेटर चारदा वाकला, इकडे पाण्यासाठीही दोनदा हाक मारावी लागली.

ही तक्रार खोटी नसते. पदार्थ तेच, दर तेच, वागणूक मात्र माणूस पाहून, हा अपमानच आहे. आक्षेप आहे तो तक्रारीतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. पूर्वी तेथे आपुलकी होती आणि आता ती उरली नाही, असे या लेखनाचे म्हणणे असते. वस्तुतः ती आपुलकी बव्हंशी दर्जाची पोचपावती होती. त्या दिवसांतही कोणीतरी दाराशी बसून पाण्यासाठी हाका मारीतच होते. खिडकीजवळून ते दिसत नव्हते, इतकेच.

चंदीगडमध्ये ही गोष्ट अधिक उघडी पडते. भूतकाळाच्या परंपरांनी न बांधलेले शहर म्हणून नेहरूंनी ज्याचे स्वागत केले, त्याचा आराखडा १९५० च्या दशकारंभी ल कार्बुझिए याने सिद्ध केला. पण त्याच नव्या शहरात सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरले. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत, हुद्द्याच्या उतरंडीने. उत्तरेकडील सेक्टर ऐसपैस, दक्षिणेकडे दाटी. सेक्टर १७ च्या चौकात कोणीही हिंडावे. मात्र लगतच्या काचेच्या दाराआड पादत्राणे पाहून जागा ठरावी, यात त्या शहराच्या स्वभावाशी विसंगत असे काही नाही.

जुलै २०१९ मध्ये याच शहरातील एका पंचतारांकित हॉटेलाने अभिनेता राहुल बोस याला दोन केळ्यांचे ४४२ रुपये ५० पैसे बिल दिले. ताज्या फळांवर कर नसताना तो लावल्याबद्दल हॉटेलाला २५,००० रुपये दंड झाला. देशभर केळ्यांच्या दरावर विनोद झाले. तेच बिल एखाद्या अनोळखी प्रवाशाच्या हाती पडले असते तर कर खात्याने इतकी तत्परता दाखवली असती काय, हा प्रश्न त्या विनोदांत बुडाला. गाऱ्हाणे ऐकून घेण्यातही प्रतवारी असतेच.

हॉटेल ही खाजगी जागा आहे, कोणाला कसे वाढावे हा मालकाचा अधिकार आहे, असा युक्तिवाद केला जातो. भारतीय संविधानाने तो मर्यादित केला आहे. अनुच्छेद १५(२) धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून सार्वजनिक उपाहारगृहात जाण्यास कोणालाही आडकाठी करू देत नाही. कपडे, भाषेचा हेल, वय यांचा मात्र तेथे उल्लेख नाही. आणि आत शिरल्यावर वाढण्यातला उपेक्षेचा बारकावा कोणत्याच कलमात पकडता येत नाही. सेवाशुल्क तेवढे सर्वांच्या बिलात एकाच टक्क्याने चढत असे. ते आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जुलै २०२२ मध्ये निघाली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

हे सारे मराठी वाचकाला नवे नसावे. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा मालकाने कोणाला अडवले नव्हते. सवर्ण गिऱ्हाइकेच फिरकत नव्हती. महाराजांनी रस्त्यात गाडी थांबवून तेथला चहा घेतला आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावला. स्मरणरंजनात रमलेल्या गद्याला इराण्याचा ब्रून मस्का आठवतो, हा कप मात्र क्वचितच. कारण या हकिकतीत दोष वाढणाऱ्याच्या नव्हे, खाणाऱ्याच्या पदरात पडतो. परतलेल्या गिऱ्हाइकाने वेटरवर रोष धरताना हेही पाहावे की, त्या वेटरला माणसाची किंमत पादत्राणांवरून करण्याचे शिक्षण अशाच टेबलांवर मिळाले आहे, आणि कामाची वेळ संपल्यावर तो स्वतः जेवतो ते स्वयंपाकघरामागच्या बोळात, उभ्याउभ्या.