टपालाची दरवाढ : दिसते तिथे नाही, आहे तिथे दिसत नाही

पोस्टकार्ड पन्नास पैसे, आंतर्देशीय पत्र अडीच रुपये आणि वीस ग्रॅमपर्यंतचे साधे पाकीट पाच रुपये. दोन दशकांहून अधिक काळ हे दर जागचे हललेले नाहीत. त्यामुळे टपाल महागलेले नाही, असा सर्वसामान्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. स्वस्त सेवेचा दर वाढविण्याऐवजी ती सेवाच मागे घेण्याचा मार्ग टपाल खात्याने पत्करलेला दिसतो.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे सुधारित दर लागू झाले. पूर्वी मुंबईहून नागपूरला वीस ग्रॅमचे रजिस्टर्ड पत्र पाठविण्यास करासह सुमारे २६ रुपये पडत. आता ५० ग्रॅमपर्यंतच्या परगावच्या स्पीड पोस्टला ४७ रुपये, नोंदणीचे ५ रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे सुमारे ६१ रुपये मोजावे लागतात. त्याच शहरात मात्र मूळ दर १९ रुपयेच असल्याने एकूण खर्च २८ रुपयांच्या आसपास राहतो. म्हणजे वाढीचा खरा भार परगावच्या पत्रव्यवहारावर पडला आहे. वकिलाची नोटीस किंवा नोकरीचा अर्ज पाठविणाऱ्याला साध्या पाकिटाचा पर्याय नसतो. त्याला पत्र दिल्याचा पुरावा हवा असतो.

पुस्तकांच्या बाबतीतही हेच घडले. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाले. प्रकाशकांच्या नाराजीनंतर मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' आले. त्यात ३०० ग्रॅमला २०, तर पाच किलोला १०० रुपये असा दर असून कर वेगळा आहे. नियतकालिके मात्र या योजनेबाहेर राहिली.

एक रुपयापासून अर्ध्या आण्यापर्यंत

दर ठरविण्यामागे कोणते तत्त्व असावे, हा वाद जुना आहे. १८५४ पूर्वी कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचे पत्र धाडण्यास एक रुपया पडे. त्या वर्षी डलहौसीच्या कारकीर्दीत पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा हा समान दर आला. पत्राचा खर्च अंतरापेक्षा गोळा करणे, वर्गवारी व वाटप यांवरच अधिक होतो, हा रोलंड हिल यांचा ब्रिटनमधील सिद्धांत त्यामागे होता. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी तिजोरीवर ताण आला, तेव्हा १९२२ मध्ये पोस्टकार्ड आणि पत्र या दोहोंचे दर दुप्पट झाले. अर्थात, टपालाचा दर हा केवळ सेवेचा मोबदला नसून महसुलाचे साधनही होता.

तोट्याचे गणित

आजचा पेच अधिक कठीण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार एका पोस्टकार्डावर सरासरी १२ रुपये १५ पैसे खर्च होत होते आणि हाती पन्नास पैसे येत होते. २०१८-१९ मधील तूट सुमारे १५ हजार कोटी रुपयांची होती. दुसरीकडे रजिस्टर्ड टपालाची संख्या २०११-१२ मधील २४.४४ कोटींवरून २०१९-२० मध्ये १८.४६ कोटींवर घसरली. पत्रे घटली तरी पोस्टमनची फेरी चुकत नाही. कार्यालये, वेतन व निवृत्तिवेतन तसेच राहते. परिणामी प्रत्येक पत्रामागचा खर्च वाढतो. दर वाढविले तर पत्रे आणखी घटतात. डेन्मार्कमध्ये पत्रांची संख्या शतकाच्या प्रारंभापासून सुमारे ९० टक्क्यांनी घटली आणि तेथील सरकारी टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ रोजी पत्रवाटप थांबविले.

तेव्हा दरवाढ मुळातच अन्याय्य आहे, असे म्हणता येणार नाही. आक्षेप तिच्या पद्धतीला आहे. १८९८ च्या कायद्यात दरांची कमाल मर्यादा परिशिष्टात नोंदलेली असे. ती ओलांडायची तर सरकारला संसदेकडे जावे लागे. अर्थसंकल्पात पोस्टकार्डाचा उल्लेख झाला की सभागृहात आवाज उठे. २०२३ च्या नव्या कायद्याने दर ठरविण्याचा अधिकार टपाल सेवा महासंचालकांकडे सोपविला. व्यवसायाच्या दृष्टीने ही लवचीकता आवश्यक असेलही. परंतु त्याबरोबर चर्चेचे हक्काचे व्यासपीठ गेले.

पन्नास पैशांचे पोस्टकार्ड कायम ठेवणे राजकीयदृष्ट्या सोयीचे आहे. ते फारसे कोणी वापरत नाही. प्रश्न आहे तो ज्यांना टपालावाचून गत्यंतर नाही त्यांचा. सेवा बंद करण्यापूर्वी तिचा खर्च, उत्पन्न आणि पर्यायी सेवेचा दर जनतेपुढे मांडण्याचे बंधन खात्यावर घातले, तर दरवाढ कडू लागली तरी छुपी राहणार नाही.