इंजिनातली काजळी आणि बिलातली ओळ

सप्टेंबर २०२५मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर कितीतरी घरांत पहिलीवहिली चारचाकी आली. पेढे वाटून झाले, बॉनेटवर स्वस्तिक काढून झाले. गाडी घेताना आपण चार जणांना विचारतो, हप्त्यांचा हिशेब रात्र रात्र करतो. सर्व्हिसिंगच्या काउंटरवर मात्र समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतो. त्या कागदावर हल्ली हमखास एक शब्द भेटतो : डिकार्बनायझेशन.

माझ्या गाडीच्या गेल्या सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकातही तो होता. ऑइल आणि एअर फिल्टर यांच्या मधोमध, दोन-अडीच हजारांचा. कशासाठी, असे विचारल्यावर काउंटरवरचा तरुण म्हणाला, ''साहेब, सगळ्यांचंच करतो, पिकअप सुधारतो.'' गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत या कामाचा उल्लेख नव्हता. मी ती ओळ खोडायला लावली. 'सगळ्यांचंच' हा शब्द मात्र मनातून गेला नाही. इंजिनातला कार्बन ही काही थाप नव्हे, तो खरोखरच साठतो. पण तो सगळ्या गाड्यांत सारखा साठत नाही, एकाच जागी साठत नाही आणि एकाच उपायाने निघतही नाही.

फियाट आणि ॲम्बॅसॅडरच्या जमान्यात हे काम नेहमीचेच होते. कार्बुरेटरमधून कधी जास्त, कधी कमी पेट्रोल जाई, थंडीत चोक ओढावा लागे, पेट्रोलमध्ये शिसेही असे. न जळलेल्या इंधनाची काळी खरड पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हवर चढे. मग चढावर इंजिन 'नॉक' करू लागले की मिस्त्री हेड उघडून ती खरवडून काढी, व्हॉल्व्ह घासून बसवी. दोन दिवस गाडी गॅरेजात, पण काढलेला कार्बन समोर फडक्यावर दिसत असे. फेब्रुवारी २०००पासून देशभरात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. पाठोपाठ कार्बुरेटर गेले आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी मोजून पेट्रोल फवारणारी एमपीएफआय इंजिने रुळली. हे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडते आणि जाता जाता तो धुऊन काढते. आपल्या रस्त्यांवरच्या साध्या, टर्बो नसलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच जातीच्या आहेत. त्यांना दर सर्व्हिसिंगला डिकार्ब करणे म्हणजे जेवण पचलेल्या माणसाला रोज एरंडेल पाजणे होय.

पेच आहे तो नव्या टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचा. २०१७पासून आपल्याकडे मोटार कंपन्यांना सरासरी इंधनवापराची मर्यादा लागू झाली. कमी पेट्रोलमध्ये जास्त ताकद काढण्यासाठी काही कंपन्यांनी पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबाने फवारण्याचा मार्ग धरला. त्यामुळे व्हॉल्व्हची पाठ धुणारे पेट्रोलच तेथून नाहीसे झाले. त्यातच इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ प्रदूषणाच्या नियमांमुळे बाहेर सोडता येत नाही. ती पुन्हा हवेच्या वाटेत वळवतात, आणि तिचा चिकटा तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून बसतो. परदेशांत यावर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतात.

आपल्याकडे मात्र पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारे यंत्र गाडीला जोडतात आणि इंजिन अर्धा तास जागच्या जागी चालू ठेवतात. हायड्रोजन जळतो तो सिलिंडरच्या आत. कार्बन आहे तो दाराबाहेर, व्हॉल्व्हच्या पाठीवर. जेथे ज्वाला पोचतच नाही तेथली घाण ती कशी जाळणार? टाकीत ओतायच्या बाटल्यांचेही तेच. त्या इंजेक्टर स्वच्छ ठेवू शकतात. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत त्या जातच नाहीत.

(ऑगस्ट २०२५मध्ये २० टक्के इथेनॉलवरून मोठे वादळ उठले. ॲव्हरेज घटते ही तक्रार रास्त आहे, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. पण काजळीचे खापर त्याच्या माथी फोडू नये. त्याच्या रेणूतच प्राणवायू असल्याने ते उलट कमी काजळी धरते.)

खरे कारण आपल्या वापरात आहे. मुलाला दीड किलोमीटरवरच्या शाळेत सोडायचे, येताना भाजी घ्यायची, गाडी पुन्हा आवारात. इंजिन पुरते तापायच्या आतच बंद होते. थंड इंजिनात पेट्रोल जादा फवारले जाते, त्यातले काही ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी पाच मिनिटे गाडी नुसती सुरू ठेवणारे सद्गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. त्याने बॅटरी फारशी भरत नाही, काजळी मात्र भरते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच आणि वेळेवर बदलावे. वापर असा तुटक असेल तर मुदतीच्या थोडे आधीच.

डिझेलवाल्यांना हे अधिकच लागू आहे. एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की सुमारे सहाशे अंश तापमानाला आपोआप जाळली जाते, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत गाडी पळावी लागते. हिंजवडीच्या कोंडीत ते साधत नाही आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. रोज दहा किलोमीटरच जाणाऱ्याने डिझेल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके करूनही गाडी धापा टाकू लागली, सुरू होताना अडखळू लागली किंवा एकाएकी पेट्रोल जास्त पिऊ लागली, तर आधी प्लग आणि एअर फिल्टर पाहायला सांगावे. मग बारीक नळीचा कॅमेरा आत घालून कार्बन कोठे बसला आहे ते दाखवायला सांगावे. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात, तसाच हा प्रकार. चांगल्या गॅरेजात तो असतो. काही न दाखवता ओळ बिलात घातली तर ती खोडायला लावावी. तरीही पैसे कापले गेलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना बिल आणि गाडीच्या पुस्तिकेतले सर्व्हिसिंगचे पान जवळ ठेवावे.