मोत्याचे पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एका वयोवृद्ध बाईंना वृद्धाश्रमात पाठविण्याचा प्रसंग आला. बाई पूर्वी शिक्षिका होत्या. छावणीजवळच्या दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्याच राहत. गुडघे निकामी झालेले. आणि न्हाणीघरात पाय घसरून पडल्यामुळे दोन वेळा साऱ्या रात्री त्यांनी तेथेच काढिलेल्या. पुतण्याने सर्व व्यवस्था केली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, अर्जही भरून तयार झाला. परंतु सही करण्याच्या वेळी बाईंनी लेखणी खाली ठेविली व त्या म्हणाल्या, "मास्तर, मी जावयास तयार आहे. पण मोत्याचे पुढे काय?"

तेथे जमलेल्या आम्हां चौघांपैकी कोणाजवळही या प्रश्नाचे उत्तर नव्हते. एकटी राहणारी वृद्ध माणसे आमच्या छत्रपती संभाजीनगरात आता गल्लोगल्ली आहेत, व त्यांच्यापैकी कित्येकांच्या दारी एखादा मोत्या आहे. तेव्हा या प्रश्नाचा विचार आमच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

मोत्या हे काही मोठ्या जातीचे कुत्रे नव्हे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, त्या सुमारास गल्लीतील एका कुत्रीचे हे पिल्लू बाईंनी उचलून घरात आणिले. पुढे कित्येक महिने त्यांच्या उंबरठ्यावर परके पाऊल पडले नाही. पिल्लाने पाहिले ते बाईंना आणि परसातल्या लिंबाच्या झाडाला. पाच वर्षांनी त्याची अवस्था अशी झाली होती की, बाईंच्या पायाशी ते कोकरासारखे पडून राही. परंतु दाराची कडी वाजताच दात दाखवी, आणि कोणी डोक्यावरून हात फिरविण्यास वाकला तर झडप घाली. दूधवाला भांडे बाहेरच ठेवून जाई. आम्हीदेखील बाईंच्या घरी जाताना खिडकीतून हाक मारीत असू.

अशा कुत्र्यास लोक 'खुनशी' म्हणतात. तो शब्द अन्यायाचा आहे. अमेरिकेतील मेन प्रांतात बार हार्बर येथे स्कॉट व फुलर या दोन विद्वानांनी वर्षानुवर्षे कुत्र्यांच्या स्वभावाचा अभ्यास करून १९६५ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच ठिकाणी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या आत, मनुष्याचा सहवास न लाभू देता वाढविली होती. ज्यांना लहान वयातच माणसांत आणिले ती लवकरच माणसाळली. परंतु ज्यांनी चौदा आठवड्यांपर्यंत मनुष्य जवळून पाहिलाच नव्हता, ती पुढे त्याला जवळ येऊ देईनात. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याच्या मनाचे दार सताड उघडे असते; त्या वेळी जे आत आले ते आपले, आणि मागून येणारे परके व भयप्रद. मोत्याचे हे दिवस टाळेबंदीत गेले. तो चावरा झाला तो दुष्टपणाने नव्हे, भीतीने; आणि त्यात बाईंचाही अपराध म्हणता येत नाही.

आता आमचा अपराध सांगणे प्राप्त आहे. बाईंना लवकर सुरक्षित स्थळी पोहोचवावे या घाईने आम्ही पडेगावाकडील एका ओळखीच्या कुटुंबाकडे गेलो व म्हणालो, "फार इमानी कुत्रे आहे, रात्री राखण चांगली करील." यांतील एकही शब्द खोटा नव्हता. परंतु ते परक्या माणसावर धावून जाते, आणि एकदा दूधवाल्याचा हात त्याने धरिला होता, ही गोष्ट आम्ही बोललो नाही. ती सांगितली तर ते लोक नको म्हणतील, हे आम्हांस ठाऊक होते. आठव्या दिवशी त्या घरातील नऊ वर्षांचा मुलगा मोत्या जेवत असता त्याच्याजवळ जाऊन बसला, आणि मोत्याने त्याच्या तळहातात दात रुतविले. सुदैवाने मुलाच्या आईने जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि लागलीच त्यास दवाखान्यात नेऊन लस टोचविली. मोत्याला दरवर्षी लस दिलेली होती, तरीही मुलास लस देणे व कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवणे आवश्यकच होते. कारण पिसाळण्याच्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे मग त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. मुलाचा हात बरा झाला. त्याच्या वडिलांनी आम्हांस एवढेच विचारले, "मास्तर, तुम्हांला माहीत होते ना?" वर्गात सत्यावर व्याख्यान देणाऱ्या मनुष्याला याहून कठीण प्रश्न कोणी घातला नसेल.

मोत्या परत आला, आणि बाईंनी जाण्याचे रहित केले. पुढचे चार महिने त्या त्याच घरात, त्याच निसरड्या न्हाणीघराच्या सोबतीने राहिल्या. शेजारच्या बायका पाळीपाळीने त्यांच्याकडे निजावयास येत, व मोत्याला त्या वेळी परसात बांधावे लागे. आमच्या अर्धवट सत्याची किंमत एका लहान मुलाने आणि एका वृद्ध स्त्रीने दिली.

या काळात सल्ला देणारे पुष्कळ भेटले. कोणी म्हणाले, दौलताबादच्या वाटेवर सोडून द्या, कुठेही पोट भरील. हा सल्ला देणाऱ्यास ठाऊक नसते की, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेविला तरी, माणसास भिणारे कुत्रे रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याचे दात वाटसरूंच्या पोरांवर सोपविणे होय. कोणी म्हणाले, शाळेच्या आवारात बांधा, पहारेकऱ्याला सोबत होईल. जेथे शेकडो मुले धावतात तेथे असे कुत्रे आणणे हे वेडेपण आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलविण्याचाच निर्देश दिला. कोणी पांजरपोळ सुचविला. या संस्थांविषयी आमच्या मनात आदर आहे. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली मुंबईत पारशी मंडळींनी दंगा केला, आणि दोनच वर्षांनी तेथे पांजरपोळ उभा राहिला, हा इतिहास भूतदयेच्या दृष्टीने स्मरणीय आहे. तथापि एका माणसाखेरीज कोणास न ओळखणारे भित्रे कुत्रे पन्नास भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये कोंडले असता सुधारत नाही, उलट अधिकच बिघडते, असे आम्हांस पशुवैद्यांनी सांगितले.

अखेरीस त्या पशुवैद्यांच्याच ओळखीने एक गृहस्थ भेटले. ते फौजेतून निवृत्त झालेले, मिटमिट्याकडे थोड्याशा शेतावर एकटे राहणारे. घरात लहान मूल नाही, येणारे-जाणारे फार नाहीत. या वेळी आम्ही त्यांना प्रथम दूधवाल्याची व त्या मुलाची हकीकत सांगितली आणि मग मोत्याचे गुण सांगितले. गृहस्थ क्षणभर गप्प राहून म्हणाले, "सांगितलेत हे बरे केलेत. आता कसे वागावे ते कळेल."

पुढे सहा आठवडे दर रविवारी व बुधवारी सायंकाळी ते बाईंच्या परसात येऊन बसत. पहिल्या दिवशी ते मोत्याकडे पाठ करून लांब बसले, त्याच्याकडे पाहिले नाही, हाक मारिली नाही. रश्श्यात भिजविलेले भाकरीचे तुकडे मागे टाकीत राहिले. तिसऱ्या खेपेस मोत्याने तुकडा जवळ येऊन उचलला. चौथ्या आठवड्यात तोंडास जाळीचे मुसके घालून बाई व ते असे दोघे त्याला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेले. बाईंच्या एका हातात काठी, दुसऱ्यात पट्टा. वाटेत बाईंनी न बोलता पट्टा त्यांच्या हाती दिला. मोत्याने वळून एकदा पाहिले आणि तो चालू लागला. मुक्काम हलविला त्या दिवशी बाईंची जुनी गोधडी व मोत्याची जेवणाची थाळी बरोबर धाडिली. खाणे तेच, वेळाही त्याच ठेविल्या. कुत्रे जुन्या घराच्या ओढीने पळते, म्हणून पहिला महिना फाटक बंद व पट्टा हाती, हा नियम त्या गृहस्थांनी कसोशीने पाळिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई वृद्धाश्रमात गेल्या.

येथे कोणी म्हणेल की, माणसांना विचारणारे कोणी नसता एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, हा खटाटोप माणसासाठीच होता. बाईंना घरात अडकवून ठेविले ते गुडघ्यांनी नव्हे, हट्टाने नव्हे, तर एका निराधार जिवाविषयीच्या कर्तव्यबुद्धीने. ज्या कर्तव्यबुद्धीने त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुली शिकविल्या, तिलाच आम्ही चार दिवस 'म्हातारपणाचा हेका' म्हणत होतो. नाथान संदेष्ट्याने दाविदापुढे जो दाखला मांडला, त्यांतील गरीब मनुष्याची एकुलती मेंढी आमच्या मुलांस ठाऊक आहे. ती त्याच्या ताटातले खाई व त्याच्या उराशी निजे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आमच्या मराठवाड्यातल्या नरसीचे म्हणून आम्हांस जवळचे. ज्याच्यापाशी दुसरे काही नाही त्याच्या मुक्या सोबत्याला क्षुद्र लेखू नये, हे त्या मेंढीची कथा शिकविते. आणि मुक्या जिवाच्या तोंडी कोरडा घास जाऊ नये ही काळजी नामदेवांच्या वाटीत आहे.

आणखी एक गोष्ट. स्वामिनिष्ठ कुत्र्यांच्या कथा आम्हांस फार आवडतात. रायगडावर वाघ्याचे स्मारक आहे. त्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली अशी कथा सांगतात, आणि तिला इतिहासाचा आधार किती यावर २०२५ सालीही मोठा वाद झाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे. या कथांतून आमच्या मनात अशी समजूत रुजते की, खरे इमानी कुत्रे धन्यामागे जगतच नाही. घरातल्या कुत्र्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागते, आणि वेळ व धीर मिळाल्यास ते दुसऱ्या माणसावरही जीव लावू शकते. तो बेइमानपणा नव्हे. आपल्यामागे आपले कुत्रे झुरून मरावे असे कोणत्याही प्रेमळ धन्याला वाटणार नाही. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाची तजवीज असल्याचे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले. त्यांच्या संपत्तीशी आपली तुलना नाही. पण त्यांनी केलेला विचार करण्यास पैसा लागत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. ज्याच्या घरी कुत्रे आहे, विशेषतः ज्याचे वय झाले आहे, त्याने हातपाय चालत असतानाच एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्या : कुत्रे काय व केव्हा खाते, लस केव्हा टोचली, ते कशास भिते, आणि ते आजवर कोणास व कोणत्या कारणाने चावले. ही शेवटची ओळ लिहिण्यास जीव कचरतो, परंतु तीच सर्वांत उपयोगाची. त्याखाली, आपल्यामागे त्याला कोण सांभाळील त्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, आणि त्या मनुष्याने आजपासूनच घरी येऊ-जाऊ लागावे. पुतण्यांनी, मुलांनी व मंडळीच्या पंचांनी वृद्धाश्रमाचा अर्ज भरण्याआधी दोन महिने हा कागद पाहावा. अर्जाच्या दिवशी पाहिला तर उशीर झालेला असतो. इतके करूनही एखादे कुत्रे कोणाच्याच हाती देण्याजोगे नसेल. त्याचा कठोर निर्णय जाणत्या पशुवैद्याने, धन्याच्या समक्ष व दयेने करावा; तो रस्त्यावरच्या मोटारींवर सोपवू नये.

आणि आमच्या विद्यार्थ्यांस इतकेच सांगणे की, पिल्लू घरी आणाल तर पहिल्या तीन महिन्यांतच त्याला आजोबा, पोस्टमन, टोपीवाला, छत्रीवाला, शेजारची पोरे असे सर्व प्रकारचे लोक हळूहळू दाखवा. आज ते पिल्लू फक्त तुमचे असेल. एक दिवस त्याला दुसऱ्या कोणाचे तरी व्हावे लागेल.

नाताळच्या आठवड्यात ते गृहस्थ मोत्याला घेऊन वृद्धाश्रमाच्या फाटकापाशी आले होते. बाईंना खुर्चीवरून बाहेर आणिले. मोत्याने त्यांच्या मांडीवर डोके घासले, बराच वेळ तो तेथे उभा राहिला. आणि त्या गृहस्थांनी शीळ घालताच वळून त्यांच्यामागे निघाला. बाईंनी पदराने डोळे पुसले. आम्ही त्यांचे समाधान करण्यास काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "नाही मास्तर, वाईट नाही वाटत. तो गेला, हेच बरे झाले."