जमाखर्च : लांडग्याच्या पिल्लाला कोणता रंग?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा सहा वर्षांचा नातू आमच्याकडे राहावयास आला होता. दुपारी घरातील मंडळी विसावा घेत असताना या वयाच्या मुलास एका जागी बसविणे किती अवघड असते, हे वाचकांस सांगावयास नको. सूनबाईंनी त्यासाठी प्राण्यांची चित्रे असलेले रंगविण्याचे पुस्तक आणि मेणाच्या खडूंची पेटी बरोबर दिली होती. हत्ती झाला, मोर झाला, ससा झाला. चौथ्या दिवशी पान उघडले ते लांडग्याच्या तीन पिल्लांचे. मागे बर्फाचे डोंगर, बाजूस उंच निमुळती झाडे आणि गुहेच्या तोंडाशी झुबकेदार शेपट्यांची ती तीन भावंडे.

"आजोबा, यांना कोणता रंग देऊ?"

सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसास उत्तर ठाऊक नसले तरी ते ठामपणे देण्याची सवय असते. मी म्हणालो, "अंगाला राखाडी आणि डोळ्यांना पिवळा." नातवाने क्षणभर विचार केला, गडद तपकिरी खडू उचलला आणि पहिले पिल्लू रंगवून टाकले. डोळे केले निळे. "चुकले," असे मी म्हणालो मात्र, त्याने खडू पेटीत ठेवला, पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुन्हा त्यास हात लावला नाही.

सायंकाळी मनास रुखरुख लागली, म्हणून घरातील प्राणिजीवनावरील जुनी पुस्तके काढून वाचत बसलो. तेव्हा कळले की चूक नातवाची नव्हती, माझी होती. लांडग्याची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. साधारण दोन आठवड्यांनी ते उघडतात आणि त्या वेळी ते निळेच असतात. पिवळसर सोनेरी छटा पुढे काही आठवड्यांनी येते. आपल्याकडील लांडग्याची पिल्ले जन्मतः काजळी तपकिरी असतात. छातीवर दुधासारखा पांढरा ठिपका असतो, तो वाढत्या वयात नाहीसा होतो. कान आरंभी लोंबते असतात. पुस्तकातील चित्र बर्फाळ प्रदेशातील लांडग्याचे होते. आपला माळावरचा लांडगा अंगाने सडपातळ, आखूड केसांचा, वाळलेल्या गवतात मिसळून जाईल अशा भुरकट रंगाचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवास म्हणालो, "काल तू बरोबर होतास. माझेच चुकले." त्याने मोठ्या उदारपणे मला माफ केले आणि एक प्रश्न विचारला, "मग आपला लांडगा कुठे राहतो?"

त्या प्रश्नाने मला पस्तीस वर्षे मागे नेले. त्या काळी माझी नेमणूक पुणे आणि सोलापूर यांच्या दरम्यानच्या दुष्काळी पट्ट्यातील एका ग्रामीण शाखेत होती. मेंढीपालनासाठी आम्ही लहान कर्जे देत असू. एके दिवशी एक धनगर गृहस्थ सकाळीच शाखेत आले. लांडग्यांनी रात्री त्यांच्या दोन मेंढ्या नेल्या होत्या आणि हप्त्यास महिनाभराची मुदत हवी होती. मेंढ्यांचा विमा उतरविलेला होता. मी नियमाप्रमाणे कानातील बिल्ले मागितले. ते म्हणाले, "साहेब, मेंढरू ओढत नेलं, कान कुठून आणू?" बिल्ला नाही म्हणून विम्याचा दावा मंजूर झाला नाही. त्यांनी पुढच्या आठवडे बाजारात कोकरे विकली आणि हप्ता भरला. माझ्या वहीत ते खाते नियमित राहिले. त्या दोन मेंढ्यांचा खर्च मात्र कोणाच्याच वहीत नोंदला गेला नाही. तो एकट्या त्या गृहस्थांनी सोसला.

त्याच शाखेत असताना जमिनींची पाहणी करून मी अहवाल लिहीत असे. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' आणि माझ्या अहवालात 'पडीक, निरुपयोगी'. असे शेरे मी किती वेळा लिहिले असतील, याची गणती नाही. कुसळी गवत, खुरट्या बाभळी, मुरमाड उतार. पीक नाही, म्हणून उत्पन्न नाही. उत्पन्न नाही, म्हणून किंमत नाही. आता कळते की लांडगा नेमका तेथेच राहतो. तो घनदाट अरण्याचा प्राणी नव्हे. ओढ्याकाठच्या कपारीत किंवा मुरमाच्या उतारावरील बिळात हिवाळ्यात मादी विते. एका वेतात बहुधा तीन ते सहा पिल्ले असतात. नर आणि कळपातील इतर लांडगे दूरवरून अन्न पोटात घालून आणतात आणि पिल्लांपुढे ते ओकून त्यांना भरवितात. संयुक्त कुटुंब म्हणजे काय, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

भारतातील या माळरानी लांडग्यांची संख्या सुमारे 2,000 ते 3,000 असावी असा अंदाज सांगितला जातो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, त्याचे नाव आहे. परंतु वाघासाठी जंगल राखले जाते, तसे लांडग्यासाठी माळ राखले जात नाहीत. झारखंडमध्ये महुआडांड येथे 1976 साली लांडग्यांसाठी अभयारण्य झाले. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात लांडगेही राहतात. पण त्यांचा बराचसा वावर गायराने, पडीक माळ आणि खाजगी जमिनी यांवरच असतो. तेथे आता फार्महाऊसची कुंपणे आणि रस्ते आले आहेत, आणि त्यांच्यामागोमाग उकिरड्यांवर पोसलेली भटकी कुत्री. या कुत्र्यांपासून लांडग्यांस रेबीजसारखे रोग जडतात, शिवाय दोहोंचा संकर होऊन मूळ वंशच पातळ होत चालला आहे.

हे सर्व मी नातवास सांगितले नाही. आम्ही कोरा कागद घेतला आणि आपल्याकडचे चित्र काढले. बर्फाच्या जागी पिवळे गवत आले, उंच झाडांच्या जागी बाभूळ आली. पिल्ले तपकिरी, डोळे निळे. कोपऱ्यात मी मेंढ्यांचा कळप आणि लाल पागोट्याचे एक धनगर काढले. नातू म्हणाला, "हे कशाला? मेंढ्या घाबरतील ना!" मी म्हणालो, "घाबरतात. पण तेही तिथेच राहतात. त्यांना वगळले तर चित्र खोटे ठरेल."

आता थोडे घरचे. त्याच पट्ट्यात आमच्या धाकट्या बंधूंनी आडतीच्या व्यवसायातील बचतीतून बारा एकर माळ घेऊन ठेवला आहे. जमीन सपाट करून प्लॉट पाडण्याचा त्यांचा बेत होता आणि जेसीबी पौष महिन्यात लावावयाचे ठरले होते. भाऊबीजेस ते घरी आले असता नातवाने त्यांना चित्र दाखविले. पाहता पाहता ते सहज बोलून गेले, "दादा, आपल्या ओढ्याच्या कडेला राखणदाराला असली बिळे दिसली आहेत."

मी त्यांना उपदेश केला नाही. पैसा त्यांचा, जमीन त्यांची, आणि ज्याने स्वतः शेकडो एकरांवर 'निरुपयोगी' असा शेरा मारला, त्यास उपदेशाचा अधिकार कोणता? इतकेच म्हणालो की पिल्ले आईबरोबर हिंडू-फिरू लागेपर्यंत थांबावे आणि वनखात्याच्या अधिकाऱ्यांस कळवावे. बंधूंनी हिशेब केला. काम तीन महिने लांबले तर व्याजाचा भुर्दंड बसत होता. वहिनी म्हणाल्या, "घरात बाळंतीण असताना आपण भिंत पाडायला काढतो का?" काम होळीनंतर करावयाचे ठरले. ओढ्याकडील दोन एकरांचे पुढे काय करावयाचे, यावर अजून एकमत झालेले नाही. ते झाले की याच सदरात कळवीन.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या नावावर असा एखादा माळ असेल. गुंतवणूक म्हणून घेतलेला, वर्षातून एकदा पाहिलेला. त्यावर यंत्र लावण्यापूर्वी एकदा राखणदारास आणि तेथे मेंढ्या चारणाऱ्यांस विचारावे की येथे कोण राहते. बीळ आढळल्यास जवळ जाऊ नये आणि मुलांना फोटो काढावयास नेऊ नये. माणसाची चाहूल लागली की मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलविते आणि त्या धावपळीत एखादे दगावू शकते. आणि लांडग्याने कोणाची मेंढी मारली असेल, तर त्या मेंढपाळास तात्काळ वनखात्याकडे पंचनाम्यासाठी घेऊन जावे. शासनाकडून भरपाई मिळते, पण अर्ज, कागद आणि हेलपाटे यांना कंटाळून पुष्कळजण तो नाद सोडून देतात. कागदपत्रांत आपल्या लोकांचा हातखंडा आहे. एक अर्ज लिहून देण्यास आपणास अर्धा तास पुरेल.

नातू परत गेला. चित्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यातील धनगराच्या चेहऱ्यास रंग देण्याचे राहून गेले आहे. मे महिन्यात तो येईल तेव्हा खडूची पेटी त्याच्यापुढे ठेवीन. कोणता रंग द्यावा, हे या खेपेस मी सांगणार नाही.