‘सेव्ह अ‍ॅज’ने गाडी वळत नाही!

‘रेसिंग कार’ म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे वेग. इंजिन किती सीसीचं? टॉप स्पीड किती? ज्युनिअर्सना टीमची कार दाखवली की पहिले दोन प्रश्न हेच! माझ्या मते हे प्रश्न दुय्यम आहेत. नुसती सरळ रेषेतली धाव बघायची असेल तर आपल्या विदर्भात शंकरपट आहे की! रेसिंग कारची खरी परीक्षा वळणावर होते. वळणावर गाडीचं नेमकं काय होतं हे सांगणारा विषय म्हणजे व्हेइकल डायनॅमिक्स. आणि नेमका हाच विषय सोडून आपण बाकी सगळं करतो. वेल्डिंग करतो, स्पॉन्सर शोधतो, टी-शर्ट छापतो, फोटो काढतो!

सगळेच वाचक काही मेकॅनिकलचे नाहीत, म्हणून थोडी माहिती. विद्यार्थ्यांनी स्वतः छोटी रेसिंग कार बनवायची आणि चालवायची, ही फॉर्म्युला एसएई स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. भारतात २०११ मध्ये ‘सुप्रा एसएई इंडिया’ आली. नंतर आलेली ‘फॉर्म्युला भारत’ कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची ‘बाहा’ तर २००७ मध्ये आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झाली. फॉर्म्युलाच्या स्पर्धेत एकूण १००० गुण असतात आणि त्यातले १५० डिझाइनचे. तिथे परीक्षक आपल्या व्हायवासारखं ‘कॅम्बरची व्याख्या सांगा’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, ‘हाच कॅम्बर का?’

आणि इथेच आपली दांडी उडते! अशी एक टीम मी जवळून पाहिली आहे, नाव सांगत नाही. मागच्या बॅचची कॅड फाइल उघडली, ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं, नवीन वर्षाचं नाव दिलं, झालं सस्पेन्शन तयार! मागच्या बॅचने तरी ते आकडे कुठून आणले होते? त्यांच्या मागच्या बॅचकडून. म्हणजे सगळ्यात पहिल्यांदा कोणी विचार केला होता हे शोधायला वंशावळच काढावी लागेल. प्रत्येक मेंबरच्या घरून टीमसाठी पैसे येतात. त्या पैशातून मुलगा ‘का?’ या एका शब्दाचं उत्तर शिकून येत नसेल, तर आपण फार महागडं वेल्डिंग शिकतोय, दुसरं काय!

आता हा विषय किती सुंदर आहे ते बघा. मी महालात राहते. बडकस चौकातून आतल्या गल्लीत ऑटो वळताना नीट पाहा. आतल्या बाजूचं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. ऑटोला ही अडचण नाही, त्याला पुढे एकच चाक! पण पुढे दोन चाकं असली की दोघांना वेगवेगळ्या कोनात वळवावं लागतं. आपल्या कारचा व्हीलबेस १.५५ मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर १.२ मीटर धरा. साडेचार मीटर त्रिज्येच्या वळणात आतलं चाक सुमारे २२ अंश वळायला हवं आणि बाहेरचं १७. ही युक्ती मोटारीसाठी शोधलेलीच नाही, ती घोडागाडीसाठी आहे! म्युनिकच्या लँकेनश्पर्गरने ती काढली आणि १८१८ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅकरमनने तिचं पेटंट घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी आपले भोसले सीताबर्डीला इंग्रजांशी लढले होते. म्हणजे ज्यांच्या वाड्यामुळे आमच्या वस्तीला ‘महाल’ नाव पडलं, त्यांच्या बग्ग्यांच्या काळातलं हे गणित आहे!

पण बग्गीचं गणित रेसिंग कारला जसंच्या तसं चालत नाही, आणि खरी मजा इथे सुरू होते. जोरात वळताना रबरी टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला जात नाही, थोडा बाहेर सरकत जातो. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. तो काही अंशांपर्यंत वाढला की पकड वाढते, त्यापुढे पकड कमी व्हायला लागते. पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त सरकले की गाडी वळायचं नाव घेत नाही, नाक बाहेर काढून सरळ जायला बघते. हा अंडरस्टीअर. मागचे जास्त सरकले की शेपूट पुढे यायला बघते. हा ओव्हरस्टीअर. म्हणून कोणत्या चाकाला किती कोन द्यायचा हे नुसत्या भूमितीवर ठरत नाही, तुमच्या टायरवर ठरतं. टायर बदलला की उत्तर बदललं. मग मागच्या बॅचची फाइल काय कामाची?

आणखी एक हिशोब करू. ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, चाकांमधलं अंतर १.२ मीटर. १.२ जी इतक्या जोराने वळलं तर ९० किलो वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. आधी दोन्ही बाजूंना १५०-१५० किलो होतं, ते आता ६० आणि २४० झालं. टीममध्ये कोणीतरी हमखास म्हणतो, ‘स्प्रिंग कडक कर ना बे, वजन जाणारच नाही!’ जातंच! स्प्रिंग कडक केल्याने गाडी कमी कलते, पण एकूण सरकणारं वजन जवळपास तेवढंच राहतं. स्प्रिंग आणि अँटीरोल बारने फक्त एवढंच ठरतं, की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या. आणि टायर असतो इतवारीतल्या हमालासारखा. दोघांचं ओझं एकाच्या पाठीवर दिलं तर तो दोघांइतकं काम करत नाही. त्यामुळे पुढच्या जोडीत वजनाची ओढाताण जास्त झाली की पुढची पकड कमी पडते, मागच्या जोडीत झाली की मागची. गाडीचा स्वभाव असा बदलता येतो. हे ज्याला कळलं त्याच्या हातातल्या पान्याला अर्थ आहे, बाकीचे नुसते नट फिरवून राहिले!

‘पण आपल्याकडे लॅब कुठे आहे?’ हा आपला लाडका प्रश्न. मिलिकन पितापुत्रांचा ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ हा १९९५ चा ग्रंथ जाडजूड आहे, मान्य. पण सुरुवात करायला किती सामान लागतं? किराणा दुकानात असतात तसे चार प्लॅटफॉर्म काटे चार चाकांखाली ठेवा, कोणत्या चाकावर किती वजन आहे ते कळेल. मागची बाजू ठरावीक उंचीवर उचला, पुढच्या काट्यांवर किती वजन वाढलं ते पाहा, त्यावरून गुरुत्वमध्याची उंची काढता येते. गवंड्याचा ओळंबा आणि दोरी घेतली की चाकांची सरळ रेष मोजता येते. मोबाईलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतोच, नाही तरी तो रील्स बघण्यातच झिजतोय!

मग परवानगी घेऊन, हेल्मेट घालून, रिकाम्या मैदानावर स्कीडपॅड आखा. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, बाहेरच्याचा २१.२५. मधल्या रेषेवरून एक फेरी ५.५ सेकंदांत झाली तर गाडी साधारण १.२ जीने वळली. तुमचं गणित ५.५ सांगतंय आणि घड्याळ ५.९ दाखवतंय? मग त्या मधल्या ०.४ सेकंदात सगळा विषय लपलेला आहे! तो शोधायला मात्र गाडी स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी तयार हवी.

कॉन्व्हेंटवाली मुलगी मराठी विभागात कशी, असं काही जणींनी विचारलं. कारण सोपं आहे. इंग्रजीत ‘लॅटरल लोड ट्रान्सफर’ म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो, समजलेलं नसलं तरी! हेच आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना मराठीत सांगून बघा. ते पाना खाली ठेवून विचारतात, ‘पण पोरी, वजन जाते तं जाते काहून?’ डिझाइनच्या परीक्षकाचा आणि त्यांचा प्रश्न एकच! जे मराठीत समजावता येत नाही ते आपल्याला पुरतं समजलेलं नाही, असं मी तरी धरून चालते.

माझी आजी विचारते, ‘रेस जिंकून काय मिळते?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर ट्रॅकवर नाही, रस्त्यावर आहे. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आपल्या कारचं उत्तर येतं २ जी. तेवढी पकड तिच्या टायरमध्ये नाही, म्हणून सपाट ट्रॅकवर ती उलटण्याआधी घसरते. आता कापसाने उंच भरलेल्या ट्रकचं हेच गणित करा. उत्तर सहज ०.५ जीच्या खाली येतं, म्हणजे कोरड्या रस्त्यावर तो घसरण्याआधी उलटतो! १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. आपल्यापैकी कितीजण अशाच रात्रीच्या बसने पुण्याला जातात! टायर आधी फुटला का, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. गाडी टायर फुटल्यामुळे आदळली की आदळल्यामुळे टायर फुटला, हे रस्त्यावरच्या खुणांवरून सांगणाऱ्याला हाच विषय यावा लागतो. बुटीबोरीत सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना आहे, हिंगण्यात महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे. या ज्ञानाचं गिऱ्हाईक दूर नाही.

शेवटी आपल्या सरांना आणि मॅडमना तीन विनंत्या. एक, कारवरचं मोजमापाचं काम फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये धरा. दोन, प्रत्येक बॅचने फाइलबरोबर एक वहीही लायब्ररीत ठेवावी. त्यात प्रत्येक आकड्यापुढे ‘का’ लिहिलेलं असावं, आणि चुकलेले आकडेही असावेत. तीन, टेस्टिंग रविवारी सकाळी ठेवा. वर्कशॉप रात्री रंगतं तेव्हा गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद झालेलं असतं, मग टीममधल्या मुलींच्या वाट्याला फक्त पीपीटी येते.

आणि दोस्तांनो, तुम्हाला एकच सांगणं. या वर्षी फाइल उघडाल तेव्हा ‘सेव्ह अ‍ॅज’ दाबण्याआधी एक आकडा निवडा आणि तो तसाच का आहे ते शोधा. एकच! उत्तर मिळालं नाही तर तिथूनच तुमचा अभ्यास सुरू झाला असं समजा. बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल