कंपनीची घाई कशाला?

उत्तर प्रदेश सरकारच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत झाशीच्या वाट्याला आली आहेत सॉफ्ट टॉईज, म्हणजे मुलांची मऊ कापडी खेळणी. याच जिल्ह्यात राणीपूरचे यंत्रमाग आहेत, १९७४ पासूनचा 'भेल'चा (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखाना आहे आणि २०१८ पासून संरक्षण कॉरिडॉरचा गाजावाजाही आहे. अशा ठिकाणी हाताशी चार पैसे आणि थोडे कसब असलेल्या माणसाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'प्रायव्हेट लिमिटेड काढून टाका' असा. काढणे आता अवघड राहिलेले नाही, हे खरे. एक लाखाच्या किमान भांडवलाची अट २०१५ मध्ये गेली. २०२० पासून 'स्पाइस प्लस' या एकाच ऑनलाइन अर्जात नाव, पॅन, टॅन सगळे उरकते. कानपूरच्या कंपनी निबंधकांच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. पण सोपे झाले म्हणून काढावे, हा तर्क मला पटत नाही. बहुतेक छोट्या उत्पादकांनी कंपनीकडे शेवटी वळावे. त्याआधी करण्यासारखी स्वस्त आणि जास्त उपयोगी कामे बरीच आहेत.

कंपनीचे मोठे आकर्षण म्हणजे मर्यादित देयता. धंदा बुडाला तर बुडेल, घर वाचेल. १८९६ मध्ये सॉलोमन नावाच्या लंडनच्या बूटवाल्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने मालक वेगळा आणि कंपनी वेगळी हे तत्त्व पक्के केले, आणि आपल्याकडचा कंपनी कायदाही त्याच पायावर उभा आहे. पण मालक आणि कंपनी यांच्यातली ही भिंत छोट्या उद्योजकाच्या बाबतीत टिकते किती? कंपनी बँकेकडे कर्जाला गेली की कर्जाच्या कागदांबरोबर संचालकांच्या वैयक्तिक हमीपत्राचा छापील मसुदा पुढे येतो. बारीक टायपातली पाने, प्रत्येक पानाखाली सही, आणि आत एक वाक्य असे की ही हमी पुढच्या वाढीव कर्जालाही लागू राहील. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँकेने आधी कंपनीकडे वसुली करून पाहिली पाहिजे असेही नाही. ती थेट हमीदाराच्या दारात येऊ शकते. कंपनीच्या दिवाळखोरीचा आराखडा मंजूर झाला तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा सर्वांत मोठ्या सावकारापुरती ही भिंत पहिल्याच सहीला पडलेली असते.

संस्था वेगळी आणि माणूस वेगळा हे तत्त्व सोयीप्रमाणे कसे वाकते, याचा झाशीला जुना अनुभव आहे. झाशीचे राजे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला गेले. आदल्या दिवशी झालेले दत्तकविधान ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने राज्यापुरते नाकारले आणि खासगी मालमत्तेपुरते मान्य केले. राज्य वेगळे, राजाची दौलत वेगळी, असा हा हिशेब. पण मागचे कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा ते राणी लक्ष्मीबाईंच्या महिना पाच हजारांच्या तनख्यातून वळते करायचे ठरले. हे कर्ज संस्थानाचे आहे, माझे नव्हे, हे राणीचे म्हणणे कोणी ऐकले नाही. हा हिशेब मांडणारीही एक कंपनीच होती, हे जाता जाता.

आता चालवण्याचा खर्च पाहू. कंपनीची उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण सक्तीचे. नोंदणीनंतर १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचे घोषणापत्र, दरवर्षी ताळेबंद, दरवर्षी वार्षिक विवरण. शेवटच्या दोन्हींना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. घरातल्या चार शिलाई मशीनवर खेळणी शिवणाऱ्या धंद्याला ही रक्कम किरकोळ नव्हे. सलग तीन वर्षे विवरणे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये केंद्राने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले. त्यांत पैसा फिरवणाऱ्या बनावट कंपन्या होत्याच. पण उत्साहाने काढलेल्या आणि मग विसरलेल्या कंपन्यांनाही नियम तोच होता. 'वन पर्सन कंपनी'ने हे ओझे थोडे हलके होते. लेखापरीक्षण मात्र तिथेही चुकत नाही.

खेळण्यांच्या धंद्यात तर कंपनी काढून एखादी सवलत गमावण्याचीही शक्यता आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि परवान्याशिवाय माल विकणे हा भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाच किमान दोन लाखांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. यातून सूट आहे ती हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती. तिचा माल कारागिराचा कसा, असे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. कंपनीची कागदपत्रे करण्याआधी या एका मुद्द्यावर जाणकाराचा सल्ला घेतलेला बरा.

यावर आक्षेप येतो की मोठे गिऱ्हाईक 'प्रायव्हेट लिमिटेड' पाहूनच ऑर्डर देते. खासगी बाजारात काही अंशी ते खरे असेल. सरकारी खरेदीत मात्र २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते, आणि तिथे अशा उद्योगांसाठीची केंद्राची 'उद्यम' नोंदणी पाहिली जाते. ही नोंदणी फुकट होते आणि एकट्या मालकाच्या धंद्यालाही मिळते. मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन, उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, वादासाठी सुविधा परिषद, हे सगळे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने याच नोंदणीला जोडले आहे. ती माल पाठवण्याआधी करावी. नंतर केलेली नोंदणी चालते का, यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. नवा कारखाना टाकणाऱ्याला उत्तर प्रदेशच्या २०२० च्या कायद्याखाली ७२ तासांत पोच मिळते आणि बऱ्याचशा राज्यस्तरीय परवानग्यांपासून १,००० दिवसांची मोकळीक. त्यासाठीही कंपनीच असली पाहिजे असे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भागीदारीत देयता अमर्याद असते, आणि खेळण्याने एखादे मूल जखमी झाले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्पादकावर भरपाईचा दावा येतो. त्या ग्राहकाला कोणी हमीपत्र दिलेले नसते, म्हणून तिथे कंपनीची भिंत खरोखर उपयोगी पडते. हे मी मान्य करतो. बाहेरचे भांडवल घ्यायचे असेल, माल देशभर जाणार असेल, तर कंपनी काढावीच. मधला मार्ग म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित देयतेची भागीदारी, आहे; देयता मर्यादित, आणि उलाढाल ४० लाखांच्या व भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर लेखापरीक्षणाची सक्ती नाही. पण दोन भावांनी किंवा मित्रांनी तोंडी बोलीवर धंदा चालवायचा आणि त्याला भागीदारी म्हणायचे, हे सगळ्यांत वाईट. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. माल गेला, पैसे बुडाले, आणि कोर्टाचे दार बंद.

तेव्हा लेखी करार, फर्मची नोंदणी, उद्यम, धंद्याचे स्वतंत्र बँक खाते आणि लागणारा परवाना, एवढे आधी करा. कर्ज १० लाखांपर्यंतचे असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगाकडून तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांवर बंधन आहे. ते शाखेत बोलून दाखवा. हमीपत्र पुढे आलेच तर हमीची रक्कम आकड्यात लिहून घ्या, धंद्याशी संबंध नसलेल्या पत्नीची किंवा वडिलांची सही देऊ नका, आणि सही केलेल्या कागदांची प्रत हातात पडल्याशिवाय शाखेतून उठू नका.